हरकती आणि सूचना

वरच्या खोलीत राहणाऱ्या पोरीचा देश
शेजारच्या नीरजच्या नकाशात सापडेना.
शेवटी त्यानं भिंग लावलं, म्हणाला, हा बघा मावशी.
मला वाटलं, छापताना शाई उडाली असेल.
माणसं किती? तर हडपसरात मावतील एवढी.
आरमार म्हणजे गस्तीच्या दोन नावा,
त्यातली एक कायम दुरुस्तीला.

झुल्मिरा तिचं नाव. खडकी बाजारात
सुके बोंबील निवडायला बसली की
कोळणीसुद्धा भाव कमी करतात.
सध्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गच्चीवर,
कानाला फोन, मांडीवर वही.
तिकडं तेव्हा पहाट. होड्या निघायच्या आत गाठायचं असतं.

तिच्या सरकारनं संरक्षणाचं धोरण लिहिलंय.
चव्वेचाळीस पानं, आणि भाषा अशी
की ज्यांचं रक्षण करायचं त्यांना वाचता येऊ नये.
हरकती-सूचनांना मुदत एकवीस दिवस.
म्हणून ही आणि हिच्यासारखी सात-आठ पोरं,
कुणी इथं, कुणी आणखी कुठं,
बेटाबेटांवर फोन लावून एकच विचारतात:
तुम्हाला भीती कशाची वाटते?

सकाळी चहाला, मोडक्या हिंदीत,
ती मला उत्तरं वाचून दाखवते.
एकजण म्हणाला, धक्क्यावर दिवा लावा.
एकीला औषधाची बोट हवी दर बुधवारी,
म्हणजे खरोखर दर बुधवारी.
एक म्हातारा बराच वेळ बोललाच नाही,
मग म्हणाला, शत्रू यायचा तेव्हा येईल,
आधी आपल्याच चौकीतल्या पोरांना सांगा,
रात्री दार वाजवताना नाव सांगायचं.
हे वाचताना तिचा आवाज सपाट होतो.
मी साखर ढवळत राहते, विरघळली तरी.

एकदा तिनं वही माझ्याकडंच वळवली.
मावशी, तुम्ही सांगा.

अगं, मी काय सांगू?
एकतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात, भरणी विभागात.
फाटकावर मंगळसूत्र काढायचं, जोडवी काढायची,
केसातला आकडासुद्धा.
आत शिरताना तांब्याच्या पट्टीवर तळहात टेकायचा,
अंगातली वीज जमिनीत जाते म्हणायचे.
आतलं घरी बोलायचं नाही, तशी सही केलेली.
नवरा विचारायचा, दिवसभर काय केलंस?
मी म्हणायची, भरलं.

कुणी विचारलंच नाही गं.
छावणीतला रस्ता बंद झाला तेव्हाही नाही.
एका सकाळी लोखंडी दांडा आला, पाटी आली:
सुरक्षेच्या कारणास्तव.
ह्यांच्या छातीत कळ आली त्या रात्री
रिक्षा त्या दांड्यापाशीच थांबली.
पहाऱ्यावरचा पोरगा रडकुंडीला आलेला,
साहेबांना फोन लावत होता, लागत नव्हता.
मग वळसा. साडेचार किलोमीटर.
पुढं आम्ही लायनीतल्यांनी अर्ज केला, एकशे अठरा सह्या,
अंथनी मास्तरांनी इंग्रजीत लिहून दिला.
पोच मिळाली.
ती अजून आहे, रेशनकार्डाच्या पिशवीत.

झुल्मिरानं सगळं उतरवून घेतलं,
पेन्सिलीनं, म्हणजे नंतर खोडता येईल.
मग सहज विचारावं तसं विचारलं,
तुम्ही भरलेले गोळे जायचे कुठं?

पेट्या हिरव्या, त्यांवर पांढरे आकडे.
भाचीचा फोन नंबर विसरते मी,
ते आकडे अजून पाठ आहेत.
गावाचं नाव कुठल्याच पेटीवर नसायचं.

परवा मुदत संपली.
रात्री गच्चीवर तिची पावलं वाजली नाहीत,
तशी कालवणाचं भांडं घेऊन मी जिना चढले.
दिवा बंद होता. आत काहीतरी हललं, मग थांबलं.
कडीवर हात ठेवला,
वाजवली नाही.
मी इंदुमती, म्हटलं. खालची. इंदुमती पारखे.